गाजरबाई

गाजरबाई हे नाव तिला शिंपीकाकांनी दिलं, आणि ते असं काही चिकटलं की पुढे तिचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं. ती नर्स होती. अंगाने किरकोळ, चालायला झपाझप, आणि एकदा बोलायला लागली की समोरच्याला मध्ये तोंड घालायला फट ठेवायची नाही. कारखान्यांच्या मागे दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडं असलेल्या लांबच लांब इमारती होत्या, तिथे ती दारोदार फिरायची. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात वजनाचा काटा, रक्ताच्या नळ्यांचा डबा आणि नारिंगी गोळ्यांच्या बाटल्या. दार उघडलं की पहिला प्रश्न, "गोळी चुकवली नाही ना?" आणि लगेच दुसरा, "आज भाजी काय केलीये?"

शिंपीकाका तळमजल्यावर शिलाईमशीन टाकून बसत. ओठाच्या कोपऱ्यात सिगरेट, आणि तिचा धूर चुकवायला एक डोळा कायम अर्धा मिटलेला. तिच्या पिशवीतला नारिंगी रंग आणि भाज्यांवरची तिची व्याख्यानं यांची सांगड घालून त्यांनी एक दिवस जाहीर केलं, "आली बघा गाजरबाई." इमारतीतली पोरंटोरंसुद्धा तेच म्हणायला लागली. तिला राग आला नाही. उलट आपण कुणाच्या तरी तोंडी आहोत याचं बरंच वाटलं.

आईवडील ती लहान असतानाच गेले होते. तिला वाढवलं दादाने. दादा बसडेपोत फिटर होता, ब्रेकच्या कामावर. बस दुरुस्तीच्या खड्ड्यावर उभी करायची, चाक काढायचं, आणि ब्रेकच्या आत साठलेली राखाडी भुकटी हवेच्या नळीने फुर्र करून उडवून द्यायची. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवयासुद्धा राखाडी झालेल्या असत. बहिणीला तो धाकटे म्हणायचा. घरात दुसरं भावंडच नव्हतं, तरी. तिच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्याने जादा पाळ्या केल्या आणि ते कधी बोलून दाखवलं नाही. लग्न झाल्यावर वहिनीही तिला धाकटेच म्हणायला लागली. पुढे त्यांना एक मुलगी झाली. दादाला दोनच शौक होते. एक, रविवारी दुपारी रेडिओ उघडून त्याचे सगळे भाग टेबलावर मांडून बसणं. दुसरा सिगरेट. रेडिओ कधीमधी, सिगरेट सतत.

दवाखान्यातल्या नोकरीला तिला बरीच वर्षं झाली होती तेव्हा त्या नारिंगी गोळ्यांचा अभ्यास सुरू झाला. मोठे डॉक्टर बाहेरून शिकून आलेले, बोलायला मऊ. अभ्यासासाठी निवडलेल्या नर्सेसना समोर बसवून त्यांनी समजावून सांगितलं. जी माणसं गाजर, पालक, भोपळा अशा भाज्या आणि फळं भरपूर खातात, त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो. हे एका गावात नाही, कितीतरी ठिकाणी दिसलेलं आहे. मग या भाज्यांमध्ये असं काय आहे? एक नारिंगी पदार्थ आहे, बीटा-कॅरोटीन. गाजराला रंग देतो तो. तो शरीरातल्या पेशींना जपत असावा असा अंदाज. तेव्हा तोच वेगळा काढून गोळीत भरला आणि ज्यांना धोका जास्त त्यांना रोज दिला, तर?

धोका जास्त म्हणजे सिगरेट ओढणारे, आणि कामावर छातीत धूळ घेणारे. अर्ध्यांना खरी गोळी मिळणार होती आणि अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, आत नुसतं तेल असलेली. कुणाला कोणती, हे गिळणाऱ्याला ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. बरीच वर्षं चालवायचं आणि मग मोजायचं.

तिला ते एकदम पटलं. पटण्यासारखंच होतं. भाजी चांगली, मग भाजीतलं जे चांगलं ते आणखी चांगलं.

डेपोतली माणसं अभ्यासात हवीच होती, त्यामुळे दादाकडे जाणं ओघानेच आलं. ती जेवणाच्या सुट्टीत गेली. दादा खड्ड्याच्या कडेला उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसून डबा खात होता.

"दादा, तुला अभ्यासात यायचंय."

"मी शाळेतच कधी अभ्यास केला नाही, आता काय करू?"

"रोज एक गोळी घ्यायची. मधूनमधून रक्त द्यायचं. बस."

"मला काय झालंय?"

"काही झालेलं नाही, म्हणूनच तर."

त्याने गोळी हातात घेऊन उजेडाकडे धरली, रेडिओतला एखादा सुटा भाग बघावा तशी. "आणि याने काय होतं?"

"कॅन्सरपासून बचाव होतो का, ते बघायचंय. अजून नक्की नाही. आणि तुझ्या वाट्याला तेलाचीही येऊ शकते. आणि हे बघ, सिगरेट सोडायचीच आहे. ते सगळ्यांनाच सांगायचं असतं."

"सांगितलंस ना? झालं तर मग." त्याने गोळी पाण्याबरोबर गिळली आणि डबा बंद करून सिगरेट पेटवली.

ती हसली. तेव्हा त्यात हसण्यासारखंच होतं.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. चांगली म्हणजे, मागे वळून बघताना त्यात सांगण्यासारखं काही सापडत नाही अशी. ती बाटल्या पोचवत होती, वजनं घेत होती, रक्त काढत होती. वहिनीने तिच्या सांगण्यावरून रोज गाजर किसायला सुरुवात केली. दादा ताटाकडे बघून म्हणायचा, "मी ससा आहे का?" आणि निमूट खायचा. शिंपीकाकांनी गोळीची वेळ शिलाईमशीनवर खडूने लिहून ठेवली. लोक गोळीवर खूष होते. कुणाला खोकला कमी झाल्यासारखा वाटे, कुणाला डोळ्यांना चांगलं दिसायला लागे. "म्हणजे माझी खरीच आहे," असं जो तो खात्रीने सांगे. सगळ्यांची खरी असणं शक्य नव्हतं, पण ती कुणाचा भ्रम मोडायच्या फंदात पडत नसे.

मग एक दिवस दुपारी सगळ्यांना दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बोलावलं. अभ्यास संपायला अजून बराच अवधी होता. कुणी म्हणालं, जेवण असेल. कुणी म्हणालं, बढत्या असतील. मोठे डॉक्टर आले आणि खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले.

"आपण गोळ्या बंद करतोय," ते म्हणाले. "आजपासून. जी मंडळी आकडे तपासतात त्यांनी मध्येच हिशोब उघडून बघितला. खऱ्या गोळीचा फायदा दिसत नाही. उलट, ज्यांना खरी गोळी मिळत होती त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त निघालाय. मृत्यूही जास्त आहेत."

मागच्या रांगेतल्या नर्सने विचारलं, "कमी म्हणायचंय का सर, तुम्हाला?"

"नाही. जास्त."

ती दुसऱ्या रांगेत बसली होती. आता आपल्याला काहीतरी होणार, असं तिला वाटलं. छातीत धडधडेल, हातपाय गार पडतील, रडू फुटेल. ती वाट बघत राहिली. काहीच झालं नाही. शेजारणीच्या कपात चमचा उभा होता आणि तो काढून न ठेवता ती चहा कसा पिते, एवढंच तिच्या लक्षात आलं. मग लोक प्रश्न विचारू लागले. डॉक्टर उत्तरं देत होते. भाजीत एकटा एक पदार्थ नसतो, शेकडो असतात, एकमेकांच्या सोबतीने असतात. त्यातला एकच उचलून एवढ्या मोठ्या प्रमाणात, सिगरेटच्या धुराने पोळलेल्या फुफ्फुसात गेला की तो उलटा वागत असावा. का, ते अजून नीट कळलेलं नाही. आणि भाज्या खाणाऱ्यांना कॅन्सर कमी होतो तो भाज्यांमुळेच, की ती माणसं एकूणच जरा जपून राहतात म्हणून, तेही अजून सोडवायचंय.

"आम्ही लोकांना काय सांगायचं?" तिने विचारलं. आवाज नेहमीचाच निघाला.

"खरं ते सांगा, सिस्टर. गोळी थांबवा, बाटल्या परत आणा. गाजर खाल्लेलं चालेल."

शेवटचं वाक्य ऐकून दोघी-तिघी हसल्या. का हसलो ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवसापासून ती उलट्या फेऱ्या मारू लागली. ज्या दारात बाटली दिली होती त्याच दारातून परत घ्यायची. काहींनी विनातक्रार दिली. एका बाईने नवऱ्याची बाटली देताना विचारलं, "मग आता त्याऐवजी कोणती?" एकाने दार लावून घेतलं आणि आतून म्हणाला की त्याची गोळी त्याला मानवते, तो काही देणार नाही. ती दाराशी तसंच उभं राहून दाराला सगळं समजावून आली.

शिंपीकाकांनी मशीन थांबवलं नाही. कापड पुढे सरकवत विचारलं, "माझी कोणती होती?"

"माहीत नाही, काका."

"तू देत होतीस आणि तुला माहीत नाही?"

"कुणालाच माहीत नसतं. पुढे कधी विचारलंत तर दवाखान्यात सांगतील."

"नको. खरी निघाली तर झोप उडेल आणि खोटी निघाली तर फसवलं म्हणून झोप उडेल." शिवण संपली तेव्हा त्यांनी दातांनी दोरा तोडला. "गाजराने असं करावं म्हणजे कमाल झाली."

"गाजराने नाही, काका. गोळीने. गाजर खा तुम्ही."

"आता तू सांगतेस म्हणून खायचं, की तू सांगतेस म्हणून नाही खायचं?"

एरवी यावर ती चार वाक्यं तरी बोलली असती. आज तिने त्यांची बाटली पिशवीत टाकली आणि ती जिना चढायला लागली.

दादाचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. मुद्दाम ठेवलं असं नाही; पाय तिकडे वळले नाहीत, एवढंच. दादा नुकताच कामावरून आला होता. तिने सांगितलं ते त्याने ऐकून घेतलं आणि कपाटावरची बाटली काढून तिच्यासमोर ठेवली.

"बिघडलेला भाग परत मागवतात तसं झालं म्हणायचं," तो म्हणाला. "बसमध्ये होतं असं. कंपनी पत्र पाठवते, सगळे परत काढून द्या."

"दादा, काट्यावर उभा राहा."

"आता कशाला? अभ्यास संपला ना?"

"राहा तरी."

वजन उतरलं होतं. बरंच. आणि तो खोकत होता. तिला वाटलं, हा खोकला आपण कधीपासून ऐकतोय? बहुतेक नेहमीच. सिगरेट ओढणाऱ्याच्या घरात खोकला हा भिंतीवरच्या घड्याळासारखा असतो. चालू असेपर्यंत कुणी ऐकत नाही. तिने त्याला दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढायला नेलं. ओळखीचा माणूस होता, त्याने फोटो लगेच दाखवला. उजव्या बाजूला, वरती, अंड्याएवढा पांढरा डाग.

दादाने तो बराच वेळ बघितला. "हा फोटो माझाच ना? नक्की?"

"तुझाच."

"बरं," तो म्हणाला.

पुढच्या तपासण्यांत डॉक्टरांना जे वाटलं होतं तेच ठरलं. कॅन्सर पसरलेला होता, कापून काढता येण्याच्या पलीकडे. हे तिनेच वहिनीला सांगितलं, दादाच्या घराच्या स्वयंपाकघरात. वहिनी उभ्याने बटाटे सोलत होती. तिने ऐकलं, हातातला बटाटा पुरा केला, आणि सोलायचं थांबवून म्हणाली,

"मी तुला एक सांगू का, धाकटे? रागाने नाही सांगत."

"सांग ना."

"लग्न झाल्यापासून मी त्याच्याशी सिगरेटवरून भांडत आले. अबोला धरला, पाकिटं फेकली, एकदा माहेरी निघून गेले. आणि तो सोडत आला होता. तुला माहीत नाही, पण कमी केली होती त्याने. मग तू गोळी आणलीस. त्या दिवसापासून मी तोंड उघडलं की म्हणायचा, आता काळजी नको, माझी बहीण मला रोज औषध देते." वहिनीने साली गोळा करून टोपलीत टाकल्या. "मग मी भांडणं सोडून दिलं. मलाही वाटलं, तू शिकलेली आहेस, तुला कळत असेल."

"मी त्याला सोडायला सांगितलं होतं. प्रत्येक वेळी सांगत होते."

"सांगत होतीस. आणि गोळीही देत होतीस."

एवढं बोलून तिने पुढचा बटाटा घेतला. ती वहिनीच्या हातांकडे बघत राहिली. कुणीतरी हातावर चटका द्यावा आणि तो दुसऱ्याच कुणाच्या हाताला लागावा, तसं तिला झालं. बोललेलं कळलं होतं. प्रत्येक शब्द कळला होता. लागत मात्र कुठेच नव्हता. तिने सुरी घेतली आणि सोललेले बटाटे चिरून दिले.

काही आठवड्यांनी दवाखान्यातून निरोप आला की ज्यांना हवं असेल त्यांना आपली गोळी कोणती ते विचारता येईल. दादा म्हणाला, "चल, विचारून टाकू. नाहीतर तू आयुष्यभर तोच विचार करत बसशील." दोघं बसने गेले. दादाला आता जिना चढवत नव्हता म्हणून मोठे डॉक्टर स्वतःच खाली आले. त्यांनी कपाळाला आठी घालून संगणकात बघितलं, खात्री करायला पुन्हा बघितलं.

"तुमची तेलाची होती," ते म्हणाले. "खरी नव्हती. तुम्हाला बीटा-कॅरोटीनचा एक कणही गेला नाही आमच्याकडून."

दादा हसला आणि त्या हसण्याने खोकल्याची उबळ आली. खोकला थांबल्यावर म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी शिस्तीत तेल पीत होतो. आमच्या बसलासुद्धा एवढ्या वेळेवर कुणी तेल घालत नाही."

डॉक्टर तिच्याकडे वळले. "सिस्टर, मन हलकं करा. यात गोळीचा काही संबंध नाही. सिगरेट, आणि ती ब्रेकची धूळ. दोन्ही मिळून."

तिने मान हलवली. कामावरच्या बायकांनी तिला मिठ्या मारल्या. एकजण म्हणाली, "केवढं ओझं उतरलं तुझं." तिने चाचपून बघितलं. उतरलं होतं का? ओझं ठेवलं कुठे होतं तेच तिला सापडत नव्हतं. वहिनीला सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, "तेल होतं का," आणि ताटं घ्यायला लागली. वहिनीने आधी जे म्हटलं होतं ते खऱ्या गोळीलाही लागू होतं आणि तेलाच्या गोळीलाही, हे दोघींनाही दिसत होतं.

दादाने सिगरेट सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. आता ओढवतच नव्हती. डेपोतले लोक भेटायला येत. त्यांच्यापैकी कुणी काढा आणला, कुणी कसल्याशा पानांचा रस. एकाने पिशवीभर जर्दाळूच्या बिया आणल्या, कुठेतरी वाचून. त्यात म्हणे कॅन्सर जाळणारं द्रव्य असतं. तिने त्या बिया त्याच्या हातातून काढून घेतल्या आणि जेवढ्या थंडपणे वजन सांगायची तेवढ्याच थंडपणे सांगितलं, "यात विष असतं. चार जास्त खाल्ल्या तर माणूस मरतो." तो माणूस ओशाळून गेला. बिया तिने कचऱ्यात टाकल्या. आणणाऱ्या माणसाला चहाही विचारला नाही, हे तिच्या घरी गेल्यावर लक्षात आलं.

एका दुपारी ती त्याची उशी सारखी करत होती तेव्हा दादा म्हणाला, "तुझी वहिनी तुला काही बोलली का?"

"नाही."

"बोलली असणार. मला बोलली." त्याला दम लागत होता, तुकड्यातुकड्यात बोलावं लागत होतं. "मी म्हणायचो तसं. बहीण औषध देते म्हणून. पण ते तिचं तोंड बंद करायला, धाकटे. गोळी नसती तरी मी दुसरं काहीतरी काढलं असतं. आपला मामा ओढायचा आणि म्हातारा होऊन मेला, हे मी त्याआधी सांगायचो. ते संपलं म्हणून तुझी गोळी काढली."

"बरं, दम लागतोय तुला. गप्प पड."

"तुला कळलं ना?"

"कळलं."

"मग तसा चेहरा कर."

तिने चेहरा करायचा प्रयत्न केला. दादा बघत होता. "जाऊ दे," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

थंडी पडायच्या आत तो गेला. सकाळी, वहिनी आणि ती दोघी खोलीत असताना. तिने नाडी बघितली, डोळे मिटवले, चादर नीट केली, खिडकी उघडली. हे सगळं तिच्या हातांनी इतक्या वेळा केलेलं होतं की ते तिला न विचारता करत गेले. वहिनी रडली तेव्हा तिने वहिनीला धरलं. भेटायला आलेल्या लोकांनी तिच्याकडे बघून आपसात म्हटलं की नर्स आहे, सवय असते. तिने ते ऐकलं आणि तिला वाटलं, असेल.

गोळ्या थांबल्या तरी अभ्यास थांबला नव्हता. ज्यांनी गोळ्या घेतल्या त्यांच्यावर पुढेही कितीतरी वर्षं लक्ष ठेवायचं होतं. जास्तीचा धोका किती काळ टिकतो ते बघायला. त्यामुळे ती पुन्हा दारोदार जाऊ लागली. पिशवी हलकी झाली होती, आता नुसते प्रश्न न्यायचे. खोकला आहे का. वजन किती. सिगरेट चालू आहे का. कोण गेलं असेल तर कधी आणि कशाने. दादाचं घरही त्यात होतं. मोठ्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "त्या घरी दुसऱ्या कुणाला पाठवू का?"

"नको. मी जाते."

वहिनीने दार उघडलं आणि पिशवी बघून ओळखलं. दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या. ती नेहमीचे प्रश्न नेहमीच्या क्रमाने विचारत गेली, आणि वहिनीने सगळ्यांची उत्तरं दिली, जणू समोर बसलेल्या बाईला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कधीपासून दुखणं होतं. कुठे उपचार घेतले. शेवटी सोबत कोण होतं.

"बायको," वहिनी म्हणाली. "आणि बहीण."

"जेवणात भाज्या आणि फळं किती होती?"

"भरपूर. रोज किसलेलं गाजर." वहिनीने तिच्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "त्याला आवडायचं नाही. ते लिहितात का?"

"नाही."

"तरी लिही."

त्यासाठी जागा नव्हती. तिने कडेला लिहिलं. लिहिताना अक्षर जरा वाकडं आलं, ते खोडून तिने पुन्हा लिहिलं. मग वहिनीने चहा टाकला आणि दोघी भाचीच्या नव्या नोकरीबद्दल बोलल्या.

अशीच वर्षं गेली. शिंपीकाका टिकले. त्यांनी आपली गोळी कोणती ते कधीच विचारलं नाही आणि सिगरेटही सोडली नाही. ते ठणठणीत होते, आणि लोक त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत की बघा, या सगळ्याला काही अर्थ नाही. तिच्या यादीतली काही माणसं गेली. काही खरी गोळी घेतलेली, काही तेलाची. कुणाच्याही कपाळावर कारण लिहिलेलं नव्हतं. हजारोंची बेरीज केली की फरक दिसतो, एका माणसाकडे बघून दिसत नाही, हे मोठे डॉक्टर सांगायचे आणि ते खरं होतं. तिला भेटणारी माणसं मात्र एकेकटीच असायची.

लोक तिला अजूनही विचारत, "गाजरबाई, काय खाल्लं म्हणजे कॅन्सर होत नाही?" पूर्वी या प्रश्नावर ती जिन्यात उभी राहून तास घालवायची. आता म्हणायची, "असं एक काही नाही. भाज्या खा, फळं खा, बदलून बदलून खा. त्याने बरंच असतं. सिगरेट ओढू नका. एवढंच आम्हाला माहीत आहे." विचारणारा हिरमुसायचा. त्याला काहीतरी नाव हवं असायचं, एखादं पान, एखादं मूळ, एखादी बाटली. ती पुढच्या दाराकडे वळायची.

निवृत्त झाल्यावर ती वहिनीकडे राहायला गेली. कुणी बोलावलं नाही, कुणी मागितलं नाही. भाची दुसऱ्या गावी गेली, एक खोली रिकामी झाली, आणि तिच्या घराचा भाडेकरार संपत आला होता. दोघी म्हाताऱ्या आपापल्या वेळेला उठत, एकत्र जेवत, फारसं बोलत नसत.

एकदा दोघी बाजाराला गेल्या होत्या. तिला औषधाच्या दुकानातून साबण घ्यायचा होता, वहिनी पिशव्या घेऊन बाहेर उभी राहिली. आत काउंटरच्या शेजारी नवीन बाटल्यांची रास मांडली होती. वर मोठ्या अक्षरांत: शेताची सारी ताकद, एका गोळीत. एक मध्यमवयीन माणूस बाटली फिरवून वाचत होता. शर्टाच्या वरच्या खिशात सिगरेटचं पाकीट.

"ओढता का तुम्ही?" तिने विचारलं.

तो दचकला. "का हो?"

"ओढत असाल तर ही घेऊ नका. असल्या एका गोळीवर आम्ही अभ्यास केला होता. ओढणाऱ्यांना उलट त्रास झाला."

"यात तर सगळं नैसर्गिक आहे, काकू. भाज्यांचंच आहे."

"आमच्यातही भाज्यांचंच होतं."

दुकानदार मान वर करून बघायला लागला. त्या माणसाने बाटली खाली ठेवली, मग जरा विचार करून पुन्हा उचलली. "बायकोने सांगितलंय आणायला," तो म्हणाला, थोडा समजूत घातल्यासारखा, आणि पैसे देऊन निघून गेला.

तिने काउंटरची कड घट्ट धरली. तिला वाटलं, साखर कमी झाली असेल. पण ते तसं नव्हतं. छातीत काहीतरी जड, गरम, वर वर येत होतं, आणि त्याला काय म्हणतात ते तिला आठवायला वेळ लागला. तिला राग आला होता. त्या माणसाचा, त्याच्या बायकोचा, बाटलीचा, दादाचा. दुकानदाराने विचारलं, "बसता का जरा?"

"नको. साबण द्या."

बाहेर आली तेव्हा वहिनीने विचारलं, "एवढा वेळ?"

"गर्दी होती."

वहिनीने काचेतून रिकाम्या दुकानाकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिने एक पिशवी आपल्याकडे ठेवली, दुसरी तिच्या हातात दिली, आणि दोघी बसथांब्याकडे चालायला लागल्या.